पीएच.डी., प्रदेश आणि आंतरविद्याशाखीयता : महाराष्ट्रातील संशोधन-प्रशिक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना :

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथील हिवाळी अधिवेशनात 'सारथी' संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय विधान परिषदेत निघाला असता, पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, अशा आशयाचे उद्गार तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांपैकी एकांनी काढले. त्यावर सभागृहात आणि सभागृहाबाहेर बराच गदारोळ झाला. निषेध झाले, खुलासे झाले आणि काही दिवसांतच विषय मागे पडला. या वादात एक गोष्ट मात्र फारशी कोणी लक्षात घेतली नाही. ज्या शासनव्यवस्थेतून हा प्रश्न आला, त्याच व्यवस्थेच्या धोरणपत्रांत संशोधन हे नवोपक्रमाचे, रोजगारनिर्मितीचे आणि प्रदेशाच्या आर्थिक वाढीचे साधन म्हणून गौरविले जाते. एका हाताने पीएच.डी.कडून प्रदेशाच्या उत्कर्षाची अपेक्षा करावयाची आणि दुसऱ्या हाताने ती करणाऱ्याला हिणवावयाचे, ही विसंगती केवळ वाचाळपणाची नाही. संशोधकाचे प्रशिक्षण कसे होते, त्याचा प्रश्न कोठून येतो आणि त्याचे उत्तर कोणाकडे जाते, याचा विचार दोन्ही बाजूंनी झालेला नाही, हे त्यामागील खरे कारण होय.

अधिछात्रवृत्ती मागणारे हे विद्यार्थी बहुसंख्येने पहिल्या पिढीतील शिक्षित आहेत. 'बार्टी', 'सारथी', 'महाज्योती' या संस्थांच्या साहाय्यावर ज्यांची चार-पाच वर्षे अवलंबून असतात ते ज्या गावांतून येतात, तेथेच प्रदेशाच्या विकासाचे प्रश्न उभे आहेत. म्हणून हा केवळ विद्यापीठीय नियमांचा विषय राहत नाही. प्रस्तुत लेखात आंतरविद्याशाखीय संशोधन-प्रशिक्षणाची जी कल्पना अलीकडे सर्वत्र मांडली जाते, ती महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांच्या चौकटीत कितपत रुजली आहे याची चिकित्सा केली आहे.

कल्पनेचा प्रवास :

ज्ञान आणि प्रदेश यांच्या संबंधाचा विचार नवा नाही. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच एका व्यवसायाचे कारागीर एका भागात एकवटले की त्या भागात कौशल्य कसे मुरते याचे विवेचन केले होते. १९९४ मध्ये ॲनाली सॅक्सेनियन यांनी कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली आणि बोस्टनजवळचा रूट १२८ या दोन भागांची तुलना करून, संस्थांमधील भिंती जेथे पातळ असतात तेथे नवोपक्रम टिकतो, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी मायकेल गिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्ञाननिर्मितीच्या 'दुसऱ्या पद्धती'ची मांडणी केली. विषयाच्या अंतर्गत गरजेतून नव्हे, तर उपयोजनाच्या संदर्भात, अनेक विषयांच्या सहभागातून निर्माण होणारे ज्ञान असा तिचा आशय होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९९७ पासून आंतरविद्याशाखीय पदवीप्रशिक्षणाची योजना चालविली आणि २०१४ मध्ये तिच्या जागी नवी योजना आणली. डेन्मार्कमध्ये तर १९७० च्या दशकाच्या आरंभापासून 'औद्योगिक पीएच.डी.' आहे. तेथे संशोधक विद्यार्थी कंपनीचा नोकर असतो आणि त्याच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थीही असतो.

या सर्व प्रारूपांत एक गृहीत समान आहे. संशोधकाला सामावून घेणारी, त्याच्या निष्कर्षांचा उपयोग करू शकणारी उद्योगसंस्था प्रदेशात आधीपासून आहे, असे ते मानतात. पुणे-चाकण परिसराबाबत हे गृहीत बऱ्याच अंशी खरे ठरेल. नंदुरबार, परभणी किंवा गडचिरोलीबाबत ते कसे खरे ठरावे? भारतातही २०१२ च्या सुमारास पंतप्रधान अधिछात्रवृत्तीची योजना आली, तिच्यात विद्यार्थ्याच्या वृत्तीचा निम्मा भार शासनाने आणि निम्मा उद्योगाने उचलावयाचा होता. योजना स्तुत्य होती, यात शंका नाही. परंतु जेथे उद्योग आहेत तेथेच ती जाणार, हे तिच्या रचनेतच होते. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला. सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण यांच्याबरोबर सामान्य व तांत्रिक शिक्षणाचाही त्या मोजणीत समावेश होता. संशोधन हे मात्र अनुशेषाचे स्वतंत्र क्षेत्र मानले गेले नाही, आणि पुढील चार दशकांतही ते तसे मानले गेलेले दिसत नाही. ज्या प्रदेशाला प्रश्न अधिक, त्याच प्रदेशाला ते प्रश्न विचारणारी यंत्रणा कमी, असा हा अनुशेष आहे.

आयात केलेल्या प्रारूपातील 'उद्योग' या शब्दाच्या जागी महाराष्ट्राच्या बहुतांश भागात सहकारी संस्था, ग्रामसभा, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा तालुक्याच्या गावातील अवजारे बनविणारा कारखानदार यांना ठेवावे लागेल. महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. धनंजयराव गाडगीळ हे १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते, आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच होते. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करणारा अभ्यासक आणि ऊस उत्पादकांच्या सभेत बसणारा अध्यक्ष एकच होता. त्या काळी याला आंतरविद्याशाखीय असे भारदस्त नाव कोणी दिले नाही.

कायद्याने दिलेली आंतरविद्याशाखीयता :

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्याशाखांची संख्या चारवर आणली गेली. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. जुन्या अधिनियमातील विद्याशाखांची गर्दी कमी झाली आणि आंतरविद्याशाखीयतेला प्रथमच वैधानिक स्थान मिळाले, याबद्दल या अधिनियमाचे स्वागत झाले. प्रत्यक्षात या चौथ्या विद्याशाखेत कोणते विषय आले हे पाहिले असता निराळेच चित्र दिसते. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य, गृहविज्ञान, ललित कला यांसारखे विषय तेथे एकत्र आले आहेत. या विषयांच्या योग्यतेविषयी प्रश्न नाही. परंतु ते एकमेकांशी संवाद करतात म्हणून एकत्र आलेले नाहीत. उरलेल्या तीन खोल्यांत ज्यांची सोय झाली नाही त्यांची सोय चौथ्या खोलीत करण्यात आली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. आंतरविद्याशाखीयता ही दोन विषयांमधील क्रिया आहे. अधिनियमाने ती एक जागा करून टाकली. परिणामी भूजलाचा आणि पीकपद्धतीचा एकत्र अभ्यास करू पाहणाऱ्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला या विद्याशाखेचा काहीच उपयोग होत नाही. त्याची नोंदणी आपापल्या जुन्या अभ्यासमंडळाच्या कक्षेतच होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांचे स्वरूपही तपासण्यासारखे आहे. २००९ च्या विनियमांनी प्रवेशपरीक्षा आणि किमान एका सत्राचे पूर्वपाठ्यक्रमकार्य अनिवार्य केले. २०१६ मध्ये मार्गदर्शकांच्या विद्यार्थिसंख्येवर मर्यादा आली, सहायक प्राध्यापकास चार, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि प्राध्यापकास आठ. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद केली, प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली आणि पाठ्यक्रमकार्यासाठी किमान १२ श्रेयांकांची अट घातली. आंतरविद्याशाखीय विषयांबाबत या विनियमांत जी तरतूद आहे ती थोडक्यात अशी की, आवश्यकता भासल्यास विभागाबाहेरील किंवा विद्यापीठाबाहेरील सहमार्गदर्शक नेमता येईल. म्हणजे आंतरविद्याशाखीयता म्हणजे प्रबंधाच्या मुखपृष्ठावरील दुसरी स्वाक्षरी. ती स्वाक्षरी करणाऱ्याने विद्यार्थ्याला काय शिकवावे, विद्यार्थ्याने त्या दुसऱ्या विषयातील कोणता पाठ्यक्रम पूर्ण करावा, परीक्षकांच्या नामिकेत त्या विषयाचा तज्ज्ञ असावा की नाही, याविषयी विनियम मौन पाळतात. पाठ्यक्रमकार्यात संशोधनपद्धती आणि संशोधन-नीती हे विषय सर्वांना समान असतात, परंतु समान असणे म्हणजे आंतरविद्याशाखीय असणे नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने टी-चाचणी पाठ केली आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रश्नावलीचे प्रकार पाठ केले, याने कोणाचाही दृष्टिकोन विस्तारत नाही.

महाराष्ट्रात या अडचणीला आणखी एक पदर आहे. राज्यातील ज्ञानाची विभागणी केवळ विभागांत झालेली नाही, ती विद्यापीठांत आणि मंत्रालयातील खात्यांत झाली आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील चार कृषी विद्यापीठे कृषी खात्याकडे आहेत. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे. नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये स्वतंत्र झाले. या प्रत्येक विद्यापीठाला स्वतःचा कायदा, स्वतःची विद्यापरिषद आणि स्वतःचे संशोधन-नियम आहेत. कुलपती मात्र एकच आहेत. अहिल्यानगरच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि राहुरीचा उद्यानविद्येचा विद्यार्थी एकाच डाळिंबाच्या बागेत उभे राहून दोन वेगळे प्रबंध लिहितात. एकाच्या प्रबंधात तेल्या रोगाचे नाव एका परिच्छेदात येते, दुसऱ्याच्या प्रबंधात कर्जाचे नाव येतच नाही. बागाईतदाराच्या दृष्टीने रोग आणि कर्ज ही एकच आपत्ती असते.

शीर्षकातील जिल्हा :

अकृषी विद्यापीठांतील प्रबंधांच्या याद्यांवरून नजर फिरविली तर एक प्रकारची प्रादेशिकता तेथे विपुल आढळते. अमुक जिल्ह्यातील बचत गट, तमुक जिल्ह्यातील दुग्धव्यवसाय, तमक्या तालुक्यातील साक्षरता, आणि त्यापुढे विसर्गचिन्ह देऊन 'एक चिकित्सक अभ्यास'. जिल्हा बदलला की नवा प्रबंध होतो. येथे प्रदेश हा प्रश्नाचा उगम नसतो, तो नमुनानिवडीची सोय असतो. शंभर किंवा दोनशे उत्तरदाते, त्यांची वयोगटनिहाय कोष्टके, काय-वर्ग चाचणी आणि शेवटच्या प्रकरणात शासनाने काय करावे याच्या दहा-बारा शिफारशी, असा हा साचा ठरून गेला आहे. 'शोधगंगा'वर तो प्रबंध उपलब्ध होतो हे खरे. परंतु ज्या बचत गटातील स्त्रियांनी प्रश्नावली भरून दिली त्यांच्यापर्यंत त्यातील एक ओळही पोहोचत नाही.

याचा सगळा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नोकरी करीत, आठवड्याचे तासिकांचे ओझे सांभाळीत, बढतीची तारीख डोळ्यांपुढे ठेवून प्रबंध लिहिणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकाला हा साचा सुरक्षित वाटतो, कारण संशोधन मान्यता समितीपुढे तो अडत नाही. जो विषय दोन शास्त्रांच्या सीमेवर असतो तो अडतो. हा आपल्या विषयात बसत नाही, हा शेरा आराखड्यावर पडला की विद्यार्थी बहुधा पुढल्या बैठकीला जिल्ह्याचे नाव असलेले शीर्षक घेऊन येतो.

साच्यात न बसणारा प्रश्न कसा असतो याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हा स्त्रीरोगशास्त्राचा विषय म्हणावा, तर मुकादमाची उचल आणि खाड्याचा दंड त्यात आहे. कामगार कायद्याचा म्हणावा, तर फडावर पाणी व शौचालय नसणे आणि त्यामुळे होणारे संसर्ग त्यात आहेत. अर्थशास्त्राचा म्हणावा, तर कोयत्यावर मजुरी नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, या रचनेतील लिंगभाव त्यात आहे. आणि यांत्रिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी ऊसतोडणी यंत्राच्या सुधारणेवर प्रबंध लिहितो, तेव्हा त्या यंत्राने कोणाचा फड सुटणार आणि कोणाचा रोजगार जाणार, हा प्रश्न त्याच्या प्रबंधाच्या कक्षेबाहेर ठेवला जातो. ऊसतोड कामगारांच्या घरांतून आलेले विद्यार्थी आज मराठवाड्याच्या विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. या प्रश्नाचे सर्व पदर ज्याला घरी माहीत आहेत, त्याला विद्यापीठ त्यातील एकच पदर निवडण्यास सांगते.

फलटणचे उदाहरण :

आंतरविद्याशाखीय संशोधन प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेला कसे भिडते, याचे महाराष्ट्रातील बोलके उदाहरण विद्यापीठात घडलेले नाही, ते फलटणला घडले. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाने १९९० च्या दशकात दख्खनी मेंढीवर काम हाती घेतले. दख्खनी मेंढी पठारावरील धनगरांच्या उपजीविकेचा आधार आहे. ती काटक आहे, लांब पल्ल्याचे स्थलांतर सोसते, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. घोंगडीची मागणी घटल्यानंतर लोकरीचे उत्पन्न नगण्य झाले आणि कोकराची विक्री हेच मुख्य उत्पन्न उरले. म्हणजे कोकरांची संख्या हा धनगराच्या संसाराचा कळीचा आकडा झाला.

बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ नावाची लहान चणीची मेंढी जुळी-तिळी कोकरे देते. त्यामागे 'फेक-बी' नावाचे जनुक आहे. ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनो मेंढ्यांतही हेच जनुक आढळते आणि ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे नेलेल्या मेंढ्यांतून गेले असावे, असे संशोधकांचे मत आहे. फलटणच्या संस्थेने गरोळ मेंढ्या आणून दख्खनीशी संकर केला आणि पुढील पिढ्यांत पुन्हा दख्खनी रक्त वाढवीत नेले, जेणेकरून जनुक येईल पण मेंढीचा आकार व काटकपणा घटणार नाही. २००१ मध्ये या जनुकातील नेमका बदल ओळखला गेला आणि रक्ताच्या नमुन्यावरून जनुकधारक मेंढी ओळखणे शक्य झाले. ही चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने झाली. पशुपैदाशीचे शास्त्र ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठाच्या सहकार्याने आले. यातून तयार झालेल्या वाणाला 'नारी सुवर्णा' हे नाव मिळाले.

येथवरची कथा जनुकशास्त्राची आहे आणि अनेक प्रबंध येथेच थांबले असते. या संशोधनाचे वेगळेपण यापुढे सुरू होते. जनुकाच्या दोन प्रती असलेली मेंढी तीन कोकरेही देऊ शकते. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे यश. धनगराच्या दृष्टीने ती आपत्ती होऊ शकते, कारण चालत्या वाड्यात मेंढीचे दूध तिघांना पुरत नाही, अशक्त कोकरू खांद्यावर वागवावे लागते आणि शेवटी दगावते. म्हणून किती कोकरे हवीत हा प्रश्न जनुकशास्त्राने सोडविण्याचा नव्हता. तो चारा, दूध, मजुरी, बाजारभाव आणि स्थलांतराचा रस्ता या सगळ्यांनी मिळून सोडवावयाचा होता. संस्थेने मेंढ्या प्रत्यक्ष धनगरांच्या कळपांत ठेवून वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या. एक प्रत असलेल्या मेंढीकडून दर वेतामागे सरासरीने सुमारे निम्म्या कोकराची भर पडते, असे दिसून आले. हा आकडा लहान वाटतो. शंभर मेंढ्यांच्या वाड्याला तो लहान नाही, आणि तो सांभाळता येण्याजोगा आहे हे त्याचे अधिक मोल.

या कामातून संस्थेच्या संशोधिका डॉ. चंदा निंबकर यांचा दख्खनी मेंढीच्या सुधारणेवरील पीएच.डी. प्रबंध सिद्ध झाला. पदवी ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाची आहे. प्रश्न फलटण तालुक्यातला, मेंढी दख्खनच्या पठारावरची, चाचणी पुण्यातली आणि पदवी आर्मिडेलची, या वस्तुस्थितीचा राज्यातील विद्यापीठांनी विचार करावयास हवा. त्या काळी राज्यातील एखाद्या अकृषी विद्यापीठात हा आराखडा आला असता, तर तो प्राणिशास्त्रात घ्यावा की अर्थशास्त्रात, यावरच समितीची बैठक संपली असती, असे मानण्यास जागा आहे. आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. हे काम तीन वर्षांच्या मुदतीत बसणारे नव्हते. मेंढीच्या चार पिढ्या विनियमांच्या वेळापत्रकाप्रमाणे जन्मत नाहीत. दीर्घकाळ चालणारी संस्था पाठीशी होती, म्हणून त्या प्रवाहातील एक टप्पा प्रबंध होऊ शकला. प्रशिक्षणाचा घटक एकटा विद्यार्थी नसून चालू असलेले काम आहे, हा फलटणचा धडा कोणत्याही विनियमात आढळत नाही.

दोन प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा :

औपचारिक व्यवस्थेत काहीच घडले नाही असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांना पदवी देण्यासाठी २०११ च्या कायद्याने वैज्ञानिक व नवोन्मेषी संशोधन अकादमी स्थापन झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही तिच्याशी संलग्न आहे. तेथील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सहा ते आठ आठवड्यांचा एक प्रकल्प ग्रामीण भागातील सामाजिक प्रश्नावर करावा लागतो. देशातील तळाच्या ८० कोटी लोकांच्या जीवनमानाशी विज्ञान जोडण्याच्या 'सीएसआयआर-८००' या कार्यक्रमाचा तो भाग आहे. कल्पना निःसंशय चांगली आहे. परंतु हा प्रकल्प प्रबंधाच्या शेजारी उभा असतो, प्रबंधात शिरत नाही. बहुवारिकांवर काम करणारा विद्यार्थी आठ आठवडे गावातील पाण्याची तपासणी करून येतो आणि पुन्हा आपल्या बहुवारिकांकडे वळतो. गावाचा प्रश्न त्याच्या प्रबंधाचा प्रश्न होत नाही, आणि आठ आठवड्यांत तो होण्याची अपेक्षा करणेही व्यर्थ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची ही वरच्या पायरीवरील आवृत्ती होण्याचा धोका संभवतो.

याउलट मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे उदाहरण आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने पाणीपुरवठा, सिंचन, ऊर्जा, स्थानिक उद्योग यांसारखे विषय केवळ सेवाकार्य न मानता अभियांत्रिकीच्या अभ्यासाचा गाभा मानले. तालुक्याची पाणीपुरवठा योजना का बंद पडली याचा शोध घेताना पंपाची क्षमता, वीजबिलाची थकबाकी आणि ग्रामपंचायतीचे राजकारण ही तिन्ही एकाच अहवालात आली पाहिजेत, हा तेथील आग्रह आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे हा विचार इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. पुढे 'पोकरा' या नावाने परिचित असलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात, सुमारे पाच हजार गावांच्या नियोजनासाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची जी पद्धत वापरली गेली, तिच्या उभारणीत या संस्थेचा वाटा आहे. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, मातीत किती मुरला आणि पिकाला किती लागला, हे गावाच्या पातळीवर मांडणारी ही पद्धत जलविज्ञान, मृदाशास्त्र, संगणनशास्त्र आणि कृषी प्रशासन यांच्या संयोगाशिवाय शक्य नव्हती.

या कामाचीही एक अडचण आहे, आणि ती केंद्राची नसून मूल्यमापन-व्यवस्थेची आहे. गावाचा ताळेबंद बिनचूक करणे हे विद्वत्तेचे काम मानले जात नाही. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत शोधनिबंध, संदर्भसंख्या आणि एकस्वे मोजली जातात. ग्रामसभेने वापरलेला नकाशा मोजला जात नाही. 'नारी सुवर्णा'चे मोल एकस्वांच्या रकान्यात शोधणारा परीक्षक तेथे कोरा रकाना पाहून पुढे जाईल.

आर्थिक वाढीच्या भाषेविषयी :

संशोधन-प्रशिक्षणाला आर्थिक वाढीशी जोडण्यावर मानव्यविद्यांच्या अध्यापकांचा एक आक्षेप असतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. प्रदेशाच्या नावाने प्रबंधाचे रूपांतर सल्लागार-अहवालात होईल, जो पैसा देईल तो प्रश्न ठरवील आणि ज्या विषयांचा बाजाराशी संबंध नाही ते उपरे ठरतील, अशी ही भीती आहे. ती निराधार नाही. परंतु वरील उदाहरणे तपासली असता दिसते की, अनिष्ट परिणाम टाळण्यासाठी मानव्यविद्यांना बाहेर ठेवणे हा उपाय नसून त्यांना आत घेणे हा उपाय आहे. मेंढीला तीन कोकरे नकोत, दोन पुरेत, हा निर्णय वाढीच्या गणिताने आला नसता. ऊसतोडणी यंत्राचा विचार एकट्या यंत्रशास्त्रावर सोपविला तर तो वाढीचाच हिशेब देईल. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा बांबूच्या विक्रीबरोबरच बांबू किती तोडावा हा प्रश्नही ग्रामसभेपुढे आला. त्या प्रश्नाला वनस्पतिशास्त्र लागते, लेखाशास्त्र लागते आणि गोंडी भाषेत चाललेली चर्चा समजून घेणारा अभ्यासकही लागतो. गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला असे प्रश्न अक्षरशः दाराशी उपलब्ध आहेत.

भाषेचा मुद्दा याला लागून येतो. विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेचा प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, आणि आंतरराष्ट्रीय वाचकासाठी ते समजण्यासारखे आहे. परंतु ज्यांच्या कळपातून, विहिरीतून, फडातून माहिती घेतली त्यांच्यासाठी पंधरा-वीस पानांचा मराठी गोषवारा लिहिणे ही विद्यार्थ्याच्या प्रशिक्षणाचीही कसोटी ठरेल. जी गोष्ट माहिती देणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगता येत नाही, ती लिहिणाऱ्याला कितपत कळली आहे, असा प्रश्न मौखिक परीक्षेत विचारला गेला तर अनेकांची पंचाईत होईल.

सर्वांत अवघड गाठ शेवटी नोकरीपाशी येते. आंतरविद्याशाखीय प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या मार्गदर्शकाकडून मिळणारा पहिला इशारा हाच असतो की, जाहिरातीत 'संबंधित विषयातील' पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. मागितली जाते आणि छाननी समिती प्रबंधाच्या शीर्षकाकडे पाहते. राष्ट्रीय पात्रता परीक्षाही विषयवार आहे. २०२३ मध्ये सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.ची अनिवार्यता आयोगाने काढून टाकली. त्यामुळे केवळ नोकरीच्या पात्रतेसाठी पीएच.डी. करणाऱ्यांची घाई काहीशी कमी होईल, अशी अपेक्षा आहे. तथापि सीमेवरच्या विषयाची जोखीम त्याने कमी झालेली नाही. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला ही जोखीम परवडत नाही. ज्याच्याजवळ प्रश्नाचे ज्ञान सर्वाधिक आहे, त्यालाच तो प्रश्न घेण्याचे धाडस सर्वांत महाग पडते.

यातील बरेच काही बदलण्यासाठी नवा कायदा आणावा लागणार नाही. दुसऱ्या विद्यापीठातील सहमार्गदर्शक नेमण्यास २०२२ च्या विनियमांची आडकाठी नाही. राहुरीचा सहमार्गदर्शक घेतलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाठ्यक्रमकार्याचे चार श्रेयांक राहुरीतच पूर्ण करावेत, परीक्षकांच्या नामिकेत दुसऱ्या विषयाचा किमान एक तज्ज्ञ असावा, मराठी गोषवारा प्रबंधासोबत दाखल व्हावा आणि तो संबंधित ग्रामपंचायतीला किंवा संस्थेला पाठविल्याची पोच विद्यापीठाच्या दप्तरी असावी, या बाबी विद्यापरिषद व व्यवस्थापन परिषद यांच्या अधिकारकक्षेत येतात. संशोधन मान्यता समितीच्या बैठकीस दुसऱ्या अभ्यासमंडळाचा सदस्य निमंत्रित करण्यासाठी तर केवळ एका पत्राची आवश्यकता असते.